जुन्या गाडीचं टोकन देताय? या चुका टाळा

"दादा, संध्याकाळी चाकणचे दोघं बघायला येणार आहेत. गाडी तुम्हालाच द्यायचीय, पण पाच हजार तरी टाकून ठेवा."

मी टाकले. चार दिवसांनी आरसी हातात पडली, तर तिच्यावर भलत्याचंच नाव. विकणाऱ्या गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली, टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सह्या घेऊन ठेवल्या आणि नावावर करायचं राहूनच गेलं. मूळ मालक दुबईत. टोकन परत मागितलं तर म्हणाले, "तुमच्यासाठी गाडी अडवून धरली, त्याचं काय?" माझ्याकडे पुरावा म्हणजे यूपीआयचा एक स्क्रीनशॉट. पैसे कशासाठी दिले, ते त्यावरही नव्हतं.

आरसी बघण्याआधी पैसे

टोकनचा आकडा ठरवण्याआधी गाडीचा नंबर मागा आणि एम-परिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव तिथे मधली अक्षरं झाकून दिसतं, पण समोरचा माणूस तोच की नाही याचा अंदाज घ्यायला तेवढं पुरतं. कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, काळ्या यादीत नोंद आहे का, हेही तिथेच बघा. ई-चलन वेगळं तपासा. मग मूळ आरसी आणि मालकाचं ओळखपत्र शेजारी धरून वाचा. बॉनेट उघडा, चासी नंबर फडक्याने पुसा आणि एकेक अंक बोटाने जुळवा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे. खऱ्या मालकाला सहसा येत नाही.

गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं.

वर्दीचा फोटो बघून विरघळणं

आमच्या साताऱ्याकडे घराघरातलं कोणी ना कोणी फौजेत असतं. त्यामुळे 'बदली झालीय, गाडी स्वस्तात काढतोय' असा मेसेज आणि सोबत वर्दीतला फोटो आला की माणूस लगेच विश्वास टाकतो. भामट्यांनाही ते ठाऊक आहे. गाडी कायम कुठल्यातरी छावणीत नाहीतर विमानतळाच्या पार्किंगमध्ये असते, बघायला मिळत नाही. आधी वाहतुकीचे दोन-तीन हजार, मग 'परत मिळणारी' रक्कम, मग ती परत देण्यासाठी क्यूआर कोड. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून गेले.

भावाच्या, मेहुण्याच्या, एजंटच्या खात्यावर टोकन

आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात पैसे. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर गाडी होऊ दे, मग बोलू.

तोंडी व्यवहार

वहीचं पान चालेल, पण त्यावर काय लिहायचं ते महत्त्वाचं. मी आता असं लिहून घेतो:

"गाडी नं. ___, चासी नं. ___, ठरलेली किंमत 2,35,000 रु. पैकी 5,000 रु. टोकन म्हणून यूपीआयने मिळाले. दि. ___ पर्यंत गाडी दुसऱ्यास विकणार नाही. कागदपत्रांत दोष, बोजा किंवा सांगितला नाही असा अपघात निघाल्यास टोकन तीन दिवसांत पूर्ण परत. घेणाऱ्याने कारण नसताना माघार घेतल्यास 2,000 रु. कापून बाकी परत."

खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. शेवटच्या दोन वाक्यांवरच पुढे भांडणं होतात, म्हणून ती आधीच लिहायची.

बोजा असताना सगळी रक्कम मालकाच्या हातात

'तुमच्या पैशातून कर्ज फेडतो आणि एनओसी आणून देतो' यावर विसंबू नका. बँकेकडून कर्ज बंद करायचा आकडा लेखी मागवा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा. एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा काढायचा अर्ज) हातात येईपर्यंत उरलेली रक्कम थांबवा.

विकणाऱ्याचीही चूक होते

टोकनवर 'दोन दिवस चालवून बघा' म्हणत चावी देणारे भोळे लोक आहेत. आरसीवर नाव असेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. चावी देताना तारीख-वेळ टाकून गाडी दिल्याची पावती घ्या. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 त्याच दिवशी भरून सह्या करा, कोरे देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज घेणाऱ्याने 14 दिवसांत द्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो.

टोकन अडकलंच तर

आधी फोनवरचं भांडण थांबवा आणि व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा: अमुक तारखेला, अमुक गाडीसाठी, एवढे टोकन दिले, या कारणाने परत हवेत. समोरून आलेलं 'बघतो, देतो' हाही पुरावाच. माणूस खरा आणि वाद फक्त टोकनमधून किती कापायचे एवढाच असेल, तर पोलीस बहुधा तो दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात. गाडीच नव्हती, फोन बंद झाला, असं असेल तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते.

मला दोन महिन्यांनी तीन हजार परत मिळाले. ती गाडी अजून त्यांच्याच दारात उभी आहे, दुबईकरांच्या नावावर.