लर्निंगची परीक्षा: 'का' विचारत केलेली तयारी

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी एका गुणाने गेले. पंधरा प्रश्न असतात, नऊ बरोबर यावे लागतात. माझे आठ आले. मोबाइलवरचे शे-दोनशे प्रश्न पंधरा दिवस कणीक मळताना, कपडे वाळत घालताना घोकले होते. पण घोकलं होतं ते 'या प्रश्नाला तिसरा पर्याय' अशा हिशेबाने, आणि तिथे पर्यायांचा क्रम वेगळा निघाला. वय सत्तेचाळीस. घरी येऊन कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण चेहऱ्याने सांगितलंच.

धाकटे दीर टेम्पो चालवतात. पसरणी घाटाने वर खताची पोती न्यायची, हंगामात भिलारची स्ट्रॉबेरी खाली आणून वाशी मार्केटला पोचवायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. त्यांनी चहा पिता पिता एवढंच विचारलं, "वहिनी, अरुंद घाटात गाड्या समोरासमोर आल्या तर आधी कोणी जायचं?"

"चढणाऱ्या गाडीने." हे पाठ होतं.

"का?"

ते 'का' माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या खेपेची सगळी तयारी मी त्या एका शब्दावर केली. काय काय केलं ते इथे लिहिते. ज्यांना माझ्यासारखं उशिरा गाडी शिकायचं सुचलंय, त्यांना उपयोगी पडेल.

आधी कागदांचं उरकून टाका, म्हणजे डोकं मोकळं राहतं. अर्ज 'सारथी' संकेतस्थळावर भरायचा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांकडून नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, भरून घ्यावा लागतो; तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. परीक्षेची भाषा निवडताना मराठी घ्या, पण सरकारी मराठीची सवय करून. आपण ओव्हरटेक म्हणतो, तिथे 'ओलांडून पुढे जाणे' असतं. आपण 'आधी कोण' म्हणतो, तिथे 'अग्रक्रम'. माझा एक प्रश्न निव्वळ 'पादचारी मार्ग' म्हणजे फुटपाथ हे पटकन न सुचल्याने गेला. घरात जुनं गाइड पडलेलं असेल तर तेही बाजूला ठेवा. १९८९ चे रस्त्याचे नियम जाऊन २०१७ मध्ये नवे ड्रायव्हिंग विनियम आले आहेत.

महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्याही देता येते. शेजारी भाचा बसवून उत्तरं घेतल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. त्यावर मी काही बोलत नाही, पण अशांच्या गाडीत मी बसणार नाही.

मग चिन्हं. इथे पुस्तक उघडण्याआधी आकार समजून घ्या. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध व्हा. गोल म्हणजे हुकूम: लाल कडेचा गोल 'करू नका' म्हणतो, निळा गोल 'हेच करा' म्हणतो. चौकोनी पाटी माहिती देते, पेट्रोलपंप, दवाखाना वगैरे. एवढं पक्कं झालं की न पाहिलेल्या चिन्हाचंही निम्मं उत्तर हाती येतं, कारण पर्यायांपैकी एक-दोन आपोआप गळतात. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी आणि 'रस्ता द्या'चा त्रिकोण उलटा, असं मुद्दाम वेगळं केलेलं आहे. पाटी चिखलाने माखली किंवा मागच्या बाजूने दिसली, तरी नुसत्या आकारावरून ओळखता आली पाहिजे.

वळणांची चिन्हं मला फार छळत. उजवं-डावं जोडवळण असेल तर आधी कुठलं? भाऊजींनी सांगितलं, चिन्ह खालून वर वाचा, खालचं टोक म्हणजे तुमची गाडी. त्यानंतर एकदाही चुकलं नाही. लाल कडेच्या निळ्या गोलात एक तिरकी लाल रेघ म्हणजे गाडी लावून ठेवू नका, आणि फुली म्हणजे माणूस उतरवायलाही थांबू नका. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी म्हणजे 'प्रवेश बंद', तिकडून येणाऱ्या गाड्या असतात. लाल कडेचा आतून कोरा गोल म्हणजे दोन्ही बाजूंनी वाहनांना बंदी. रेल्वे फाटकाचं कुंपण काढलेलं असेल तर तिथे फाटक आहे. इंजिन काढलेलं असेल तर फाटक नाही, समोर थेट इंजिनच येणार. ही जोडी अशी लक्षात ठेवली, की पुसली जात नाही.

हे घरात बसून करू नका. एक दिवस पायी बाहेर पडा, दुसऱ्या दिवशी एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरा आणि दिसेल त्या पाटीचा अर्थ मनात म्हणा. पाटी तिथेच का लावली असेल, हेही विचारा. शाळेची पाटी शाळेच्या फाटकावर नसते, अलीकडे असते. का असते याचं उत्तर पुढच्या तयारीत आहे, आणि तयारीचा माझ्या मते तोच गाभा आहे.

कागद-पेन घ्या. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर म्हैस आलेली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी वीसेक मीटर जातात. एकूण सदतीस, म्हणजे तीन एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. आता वेग ३० धरा. पहिल्या सेकंदात आठ मीटर, ब्रेक लागल्यावर पाच, झाले तेरा. वेग निम्मा केला तर सदतीसचे अठरा व्हायला हवेत असं मला वाटत होतं. तसं होत नाही, कारण ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: वेग दुप्पट, तर अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त, आणि पहिल्या पावसात धूळ-तेलाचा थर ओला होतो तेव्हा तर विचारू नका.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की निम्मी प्रश्नपत्रिका त्यातूनच सुटते. पुढच्या गाडीपासून अंतर का ठेवायचं? शाळेजवळ, झेब्रा क्रॉसिंगजवळ वेग आधीच का कमी करायचा? पिवळा दिवा लागल्यावर वेग वाढवून का निसटायचं नाही? मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं तर काय बिघडतं? तेहतीस-चौतीस मीटर गाडी डोळे झाकून चालली, हे बिघडतं. समोरून गाडी आल्यावर डिपर का मारायचा, यालाही तेच उत्तर लागू. प्रखर दिव्याने समोरच्याचे डोळे दिपले की तो तेवढे मीटर आंधळा असतो, आणि तो तुमच्याच दिशेने येत असतो. गळीत हंगामात आमच्याकडे रात्री उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात. आपल्या दिव्याचा उजेड जिथवर पोचतो तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, हे मला कुठल्या प्रश्नसंचापेक्षा त्या ट्रॉल्यांनी जास्त नीट शिकवलं.

पुढची तयारी 'आधी कोण' या प्रश्नांची. घाटातलं उत्तर भाऊजींनीच दिलं. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलायची म्हणजे हाफ क्लच, हँडब्रेक, मागे घसरण्याची भीती आणि क्लच प्लेटचा जळका वास. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणं त्या मानाने सोपं. म्हणून चढणाऱ्याला वाट द्यायची. लगेच त्याला जोडून दुसरा प्रश्नही समजला. उतारावर गाडी न्यूट्रल का करायची नाही? कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापले की धरेनासे होतात. गिअर खालचा असेल तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारणारे त्यांनी पाहिले आहेत. भाऊजी स्वतः पाच पैसे सोडणारा माणूस नाही, पण इथे त्यांचा हिशेब वेगळा आहे.

सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे मी नुसतं पाठ केलं होतं आणि घाईत नेहमी उलटं सांगत होते. शेवटी ताटाभोवती काड्यापेट्या मांडून पाहिलं. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. त्यामुळे चौकात शिरलं की पहिल्या निम्म्यातच उजवीकडून येणारी गाडी आडवी येते. डावीकडून येणारी चौकाच्या पलीकडच्या निम्म्यात असते, तिथवर पोचायला आपल्याला वेळ असतो. सर्कललाही हाच नियम कामी येतो. गाड्या घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणजे आत फिरणारी गाडी आपल्या उजव्या हातालाच असते. त्यामुळे आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. काड्यापेट्यांचा खेळ जरूर करा, लाजू नका. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येताना मोठ्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या, आणि झेब्रावर चालणाऱ्याला. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी थांबण्याची खूण समजायची, हा प्रश्नही येतो.

ओव्हरटेकचे प्रश्न एका वाक्यात मावतात: पुढचं दिसत नसेल तर जाऊ नका. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, झेब्रा, सगळं त्यात आलं. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं. पुढचा उजवीकडे वळायची खूण करून रस्त्याच्या मध्यावर सरकला असेल, तरच त्याच्या डावीकडून जाता येतं. हॉर्न दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या आसपास नाही. पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर हळू आणि जपून, लाल उघडझाप करत असेल तर थांबून, पाहून पुढे.

आता खरं सांगायचं तर काही गोष्टींना 'का' नाही, किंवा आहे पण तो विचारून उत्तर येत नाही. त्या पाठच कराव्या लागतात. त्यांची वेगळी छोटी चिठ्ठी करून फ्रिजवर लावा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा. बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी, बाकी खाजगी गाड्या अठराव्या, मालवाहू-प्रवासी वाहनं विसाव्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड; घरात सतरा वर्षांचा मुलगा असल्याने हे मला आपसूक पाठ झालं. गाडीत लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी. ही कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असतील तरी चालतात.

अपघाताचे प्रश्न मात्र चिठ्ठीवर टाकून मोकळ्या होऊ नका, नीट वाचा. चालकाचं पहिलं काम जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, मग पोलिसांना कळवणं. तिथे पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. विमा कंपनीलाही कळवायचं. पर्यायांमध्ये 'गाडी घेऊन निघून जा' असं सभ्य भाषेत लिहिलेलं असतं, ते ओळखा. अँब्युलन्ससाठी १०८ पाठ ठेवा. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचं संरक्षण आहे, हेही माहीत असू द्या, कारण भीतीने लोक थांबत नाहीत.

बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्न अजून विचारतात. ब्रॉडगेजवरची अशी क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, पण कायद्यातलं कलम आहे. गाडी थांबवायची, क्लीनरने किंवा बरोबरच्या कोणी उतरून, चालत पुढे जाऊन आगगाडी येत नाही ना हे पाहायचं. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. "आमचा क्लीनर उतरायचा नाही," भाऊजी म्हणाले, "मीच उतरायचो. तो झोपलेला असायचा."

सराव परीक्षा सगळ्यात शेवटी द्या. मी पहिल्यांदा तिथूनच सुरुवात केली, ती चूक होती. चुकलेला प्रश्न वहीत लिहा, पण बरोबर उत्तर लिहू नका, त्यामागचं कारण लिहा. कारण लिहिता आलं नाही तर कोणा जुन्या ड्रायव्हरला विचारा. ही मंडळी हौसेने सांगतात, फक्त वेळ हाताशी ठेवून विचारा. दुसऱ्या दिवशी वहीतली कारणं झाकून पुन्हा सोडवा. प्रश्नात 'अयोग्य' किंवा 'चूक' असा शब्द आहे का, हे आधी पाहायची सवय याच वेळी लावून घ्या.

परीक्षेच्या सकाळी चष्मा, आधार, अर्जाची पावती. आदल्या रात्री नवीन काही वाचायचं नाही.

दुसऱ्या खेपेला माझे तेरा आले. चुकलेल्या दोनांपैकी एक हाताने करायच्या खुणांचा होता; त्या मी आरशासमोर करून पाहिल्या नव्हत्या, तुम्ही पाहा. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सला तीस दिवसांनंतर अर्ज करता येतो, आणि तोवर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. त्याच संध्याकाळी मुलाने पुठ्ठ्याचे दोन चौरस कापले, १८ सेंटीमीटरचे, पांढरा कागद चिकटवून त्यावर लाल 'एल' काढला. एक पुढे लावला, एक मागे. शेजारच्या सीटवर भाऊजी बसले आणि बसल्या बसल्या हँडब्रेकवर हात ठेवला. अजून गाडी सुरूही केली नव्हती.