खाणीत सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम ठेवताय? आधी हे बघा

मंडप, माईक, पाणी, फलक सांगायला नकोत. सुरुवात हाजरीपासून करा. ओपनकास्ट, म्हणजे वरून खुल्या खाणीत माती आणि कोळसा वाहणारी कितीतरी माणसं ठेकेदाराची असतात, आणि गेल्या वेळी आमच्या मंडपात नेमकी तीच नव्हती. ड्रायव्हरला फेरीमागे पैसे मिळत असतील तर तो फेरी बुडवून पथनाट्य बघायला येईलच कसा? म्हणून कार्यक्रमाच्या वेळेची भरपगारी हाजरी लागेल, असं ठेकेदाराकडून लेखी घ्या. लेखी म्हणजे लेखी. ‘पाठवतो ना साहेब’ यावर विसंबू नका. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला 1952चा खाण कायदाही कायम आणि ठेकेदाराचा असा भेद करत नव्हता; व्यवस्थापकाला माहीत असताना खाणीत काम करणारा, मजुरीवर असो वा नसो, कामावरचाच धरला जात होता.

एकच प्रयोग सकाळी अकराला ठेवलात तर रात्रपाळीवाले झोपलेले असणार. पाळी बदलताना, हाजरीघरासमोर, तिन्ही पाळ्यांसाठी वेगळा प्रयोग करा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. ब्लास्टिंगची वेळ आधी विचारून घ्या. चंद्रपूर-वणीकडे ड्रायव्हर परप्रांतांतले असतात, तेव्हा संवाद हिंदीतही हवेत. आणि हाजरीचं पत्र आलं का?

नाटकात हेल्मेट-बूट पुरे झाले. प्रसंग असा घ्या: बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) कडेला भेग दिसली म्हणून हेल्पर सांगायला जातो आणि चारचौघांत ‘तुला काय कळतं?’ ऐकून परततो. पुढच्या वेळी तो गप्प बसतो. अपमान आणि अपघात यांचा संबंध इथे उघडा दिसतो, म्हणून या प्रसंगाला घाई करू नका. भूमिका कामगारांनाच द्या. बायकांवरचे विनोद संहितेतून काढाच. 2019 पासून बायकांना खुल्या खाणीत रात्रपाळीही करता येते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीची नावं आणि फोन फलकावर मोठ्या अक्षरांत हवेत.

डंपरचं प्रात्यक्षिक नक्की ठेवा. इंजिन बंद, चाकांना अडण, किल्ली ओव्हरमनकडे (पाळीच्या देखरेख अधिकाऱ्याकडे). भोवती हेल्मेटं मांडा आणि साहेबांना केबिनमध्ये बसवून विचारा, किती दिसतात? केबिनच्या उलट्या बाजूची हेल्मेटं दिसतच नाहीत. ड्रायव्हरवर ओरडण्याआधी हे प्रत्येकाने एकदा बघावं. हे ज्यांच्यासाठी चाललंय ते ड्रायव्हर ठेकेदाराचे आहेत; पत्र नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला.

भाषण शेवटी, पाच मिनिटं. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीतल्या अपघाताचा दाखला देणार असाल तर 27 डिसेंबर 1975 आणि 375 मृत्यू एवढ्यावर थांबू नका. वर साचलेलं पाणी खाली काम चालू होतं तिथे घुसलं, हे सांगा आणि आपल्या खाणीत पाणी कुठे साचतं ते नकाशावर दाखवा.

बाकी पटापट: ॲम्ब्युलन्स, बायकांसाठी स्वच्छतागृह, तक्रारवही (नाव लिहिण्याची सक्ती नको), तक्रारींची उत्तरं पंधरा दिवसांत फलकावर. महिनाअखेरीला ठेकेदाराचं पगारपत्रक मागवा; त्या दिवसाची मजुरी कापली असेल तर व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार त्याच दिवशी.