कॉलेज हॉकीचा पूल चालवताय? मग या चुका टाळा

मार्चच्या मध्यावर आमच्या मिनेसोटातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा सुरू होते, "यंदा हॉकीचा पूल आहे ना?" बरीच वर्षं तो मीच चालवतो. त्यातून ऐकून दोन-तीन जण आपापल्या ऑफिसात नवा पूल सुरू करतात आणि एप्रिल उजाडला की मला फोन करतात: दादा, भांडण झालंय, आता काय करू? दर वर्षी तीच भांडणं, आणि कारणंही तीच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

पूल म्हणजे कोण जिंकेल याचे अंदाज आधी लिहून गुण मोजायचा खेळ, आणि आमचा आहे एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) पुरुषांच्या आइस हॉकी स्पर्धेचा. १६ संघ, चार रीजनल (चार-चार संघांचे गट), हरला की घरी. एकूण १५ सामने. सहा कॉन्फरन्सचे (लीगचे) विजेते थेट येतात, उरलेले दहा क्रमवारीवरून. रविवारी जोड्या जाहीर होतात आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी खेळ सुरू. म्हणजे पूल चालवणाऱ्याच्या हातात जेमतेम चार दिवस. या चार दिवसांत लोक रंगीत शीट बनवतात, संघांचे लोगो चिकटवतात, पण नियम लिहीत नाहीत. "नियम काय, जिंकला त्याला गुण!" असं म्हणणाऱ्याच्या पूलमध्ये मी भाग घेत नाही.

पहिली चूक, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी: सामना न होताच संघ पुढे गेला तर काय, हे आधी न ठरवणं.

२०२१ साली करोनामुळे हे दोनदा झालं. आधी नोत्र दाम बाहेर पडला आणि बॉस्टन कॉलेज न खेळता पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सामन्याला काही तास उरले असताना मिशिगन बाहेर, मिनेसोटा डुलुथ पुढे. आमच्याकडे तोवर सगळ्यांचे ब्रॅकेट (अंदाजांचे तक्ते) बंद झाले होते. मिशिगनला थेट विजेता धरणारे चौघे होते. त्यांचे फोन सुरू झाले. मला वाईट वाटलं, आणि मी म्हटलं, ठीक आहे, ज्यांचा मिशिगन होता त्यांनी रात्रीपर्यंत नवा संघ द्यावा. वर ग्रुपमध्ये मतदानही घेतलं. ज्याला त्यात फायदा त्याने हो म्हटलं, ज्याला तोटा त्याने नाही.

चौघांपैकी दोघांनी डुलुथ घेतला. शनिवारी फार्गोला डुलुथ आणि नॉर्थ डकोटा समोरासमोर आले. तो सामना पाच ओव्हरटाइम चालला, १४२ मिनिटं १३ सेकंद, या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लांब सामना. मध्यरात्र उलटून गेल्यावर डुलुथ ३-२ जिंकला. आधीपासून नॉर्थ डकोटावर विसंबलेल्या माणसांनी रात्रभर जागून आपला संघ हरताना पाहिला आणि सकाळी शीट उघडली तर शुक्रवारी संघ बदललेले दोघे त्यांच्या पुढे. त्यांचा राग रास्त होता. एका काकांनी त्यानंतर पूलमध्ये कधीच नाव दिलं नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आता शीटच्या पहिल्या ओळीत वाक्य असतं: जो संघ पुढे जाईल तो जिंकला, खेळून किंवा न खेळता, वेळ संपल्यावर कोणीही संघ बदलणार नाही. ते वाचून "मान्य" असं लिहिल्याशिवाय मी एंट्री घेत नाही. मतदान तर कधीच घेत नाही.

दुसरी चूक नावांची. हिच्याकडे नवखे लोक हसून बघतात, कारण त्यांच्या ऑफिसातले सगळे एकाच संघाच्या मागे असतात.

त्याच २०२१ मध्ये मिनेसोटाचे पाचही संघ स्पर्धेत होते. मिनेसोटा, मिनेसोटा डुलुथ, मिनेसोटा स्टेट, सेंट क्लाउड स्टेट आणि बमिजी स्टेट. एका मित्राने कामाच्या गडबडीत लव्हलँडच्या रीजनलसाठी मेसेज टाकला, "लव्हलँडमधून मिन." मी शीटमध्ये मिनेसोटा लिहून मोकळा झालो. रविवारी लव्हलँडच्या रीजनल फायनलला नेमके मिनेसोटा आणि मिनेसोटा स्टेटच आले, आणि स्टेटने ४-० ने सामना जिंकला. मित्र म्हणाला, "अरे, मी स्टेटच म्हणत होतो, माझा भाचा तिथे शिकतो." भाचा खरंच तिथे शिकत होता. मी गुण दिले. दुसऱ्याने विचारलं, मग मीही 'मिन.' लिहिलं असतं तर चाललं असतं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कोणीतरी सुचवतं, टोपणनावं वापरा. नका वापरू. मिनेसोटा स्टेटही मॅव्हरिक्स आणि ओमाहाही मॅव्हरिक्स, आणि त्या वर्षी दोघेही लव्हलँडमध्येच होते. हस्कीज तर सेंट क्लाउड, मिशिगन टेक, नॉर्थईस्टर्न आणि कनेटिकट असे चार. मी गावाचं नाव धरतो: मिनियापोलिस, मँकेटो, डुलुथ, सेंट क्लाउड, बमिजी. मिशिगनचंही तसंच, अ‍ॅन आर्बर, ईस्ट लान्सिंग, कालामझू. बॉस्टनमध्ये गाव कामाचं नाही. तिथे बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि बॉस्टन कॉलेज पूर्ण लिहायचं. मेसेजवर, फोनवर, जेवताना तोंडी सांगितलेली एंट्री घेत नाही. शीटमधल्या यादीतून निवडायचं, नाहीतर राहू दे. घाई असेल त्याने पुढच्या वर्षी यावं.

वेळेबद्दल. "शुक्रवारी रात्री १२ पर्यंत" असं लिहू नका. रात्रीचे १२ म्हणजे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर दोन मतं असतातच. आमच्या पूलमध्ये पुण्याचे दोन मावसभाऊ असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात, हे त्यांच्या लक्षात राहात नाही. मी लिहितो: सकाळी ११, मिनेसोटाची वेळ, पुण्यात त्याच दिवशी रात्री ९:३०. आणि त्या मिनिटाला शीट कुलूपबंद.

गुण. बास्केटबॉलच्या पूलमधून १-२-४-८ (चार फेऱ्यांत प्रत्येक बरोबर अंदाजाचे गुण) उचलायचं, हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. जरा बेरीज करा. एकूण गुण होतात ३२, आणि विजेता बरोबर धरला की त्याच्या चार विजयांचेच १५. जवळपास निम्मा पूल एका निवडीवर. हॉकीत हे मला पटत नाही, कारण एका गोलकीपरची एक रात्र चांगली गेली की क्रमवारी कोसळते. २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोन वर्षं सेंट क्लाउड अव्वल मानांकन घेऊन आला आणि पहिल्याच सामन्यात हरला, एकदा एअर फोर्सकडून, एकदा अमेरिकन इंटरनॅशनलकडून. २०१३ ला येल एकूण क्रमवारीत पंधरावा होता आणि करंडक घेऊन गेला. ज्याने आठ पहिले सामने नीट अभ्यासून भरले त्याला काही मिळायला हवं. मी २-३-४-५ देतो. एकूण ४१, विजेत्याचे १४. शेवटच्या शनिवारपर्यंत पाच-सहा जण तरी शर्यतीत राहतात.

ओव्हरटाइममध्ये जिंकलं तरी जिंकणंच. अर्धे गुण नाहीत. या स्पर्धेत शूटआउट होत नाही, पहिला गोल होईपर्यंत खेळतात, त्यामुळे "बरोबरी" हा रकानाही नको. महिलांची स्पर्धा वेगळी, ११ संघांची, आणि आधी संपते; ब्रॅकेट डाउनलोड करताना शीर्षक वाचा.

पैसे. माझ्या पूलमध्ये पैसे नसतात. शेवटचा येतो तो सगळ्यांना मिसळ करून घालतो. पैसे लावायचेच असतील तर आधी कायदा बघा, आणि मग निदान एक प्रश्न विचारा: कोणाचं मूल कॉलेजच्या संघात खेळतं का, कोणी क्रीडा विभागात नोकरी करतं का? एनसीएएच्या नियमाने अशा खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना कॉलेजच्या खेळांवर पैसे लावायला मनाई आहे, आणि वर्गणी भरून खेळलेला पूलही त्यात धरला जातो. खेळ कुठलाही असो. पोहणाऱ्या मुलीलाही हॉकीचा पूल चालत नाही. वीस डॉलरसाठी एखाद्या मुलीचं खेळणं धोक्यात घालू नका.

राहिला टायब्रेकर, म्हणजे गुण सारखे झाले तर विजेता ठरवणारा प्रश्न. "फायनलमधले एकूण गोल" एवढंच विचारलं तर सगळे पाच किंवा सहा लिहितात आणि बरोबरी तशीच राहते. २०२४ च्या फायनलला डेन्व्हरने बॉस्टन कॉलेजला २-० हरवलं, एकूण दोन. पुढच्या वर्षी वेस्टर्न मिशिगनने बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२, एकूण आठ. दोन्ही वेळा आमच्याकडे पहिल्या दोघांनी एकच आकडा लिहिला होता. मी दुसरा आकडाही मागतो: पंधरा सामन्यांपैकी किती ओव्हरटाइममध्ये जातील. त्यावरही बरोबरी झाली तर दोघे विजेते. रिकाम्या नेटमध्ये मारलेला गोल धरायचा, ओव्हरटाइमचाही धरायचा. ही दोन वाक्यं मी टायब्रेकरच्या रकान्याखालीच लिहून ठेवतो.