जुनी अमेरिकन राजकीय कार्टून्स बघताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कार्टून्स आता स्कॅन होऊन फुकटात बघायला मिळतात, पण बरेच जण वरवर बघतात, कळलं असं धरून चालतात आणि चुकीच्या माहितीसकट पुढे पाठवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या चित्रांत खच्चून मजकूर भरलेला असतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे गाढव दिसलं की डेमोक्रॅट म्हणायचं, कारण ते त्या पक्षाचं चिन्ह. हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकातलं व्यंगचित्रकार थॉमस नास्टचं ७ नोव्हेंबर १८७४ चं चित्र घ्या, रिपब्लिकनांचा हत्ती रूढ झाला तो यानंतरच, पण त्यात सिंहाचं कातडं पांघरलेलं जे गाढव आहे ते म्हणजे न्यूयॉर्क हेराल्ड पेपर, राष्ट्राध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा उभे राहणार म्हणून बोंब मारणारा. डेमोक्रॅट पक्ष तिथे कोल्हा आहे! आणि हत्तीही कौतुकाने काढलेला नाही, तो बिथरून खड्ड्याच्या काठावर आलाय, नास्ट स्वतः रिपब्लिकन असूनसुद्धा. म्हणून प्राणी बघून अंदाज लावू नका, अंगावरची अक्षरं वाचा.

आपल्या लोकांची हमखास गल्लत होते ती नास्टच्याच 'द अमेरिकन रिव्हर गँजेस'मध्ये (३० सप्टेंबर १८७१). नावात गंगा आहे म्हणून भारताबद्दल असेल असं वाटतं, पण वाद होता सरकारी शाळांचा पैसा कॅथलिक शाळांना द्यायचा का याचा. पाण्यातून मगरी येतायत, नीट बघा, त्यांचे जबडे म्हणजे बिशपच्या टोप्या आहेत आणि काठावर शाळेतली पोरं. गंगाच का, तर हिंदू आया मुलं मगरींपुढे टाकतात असल्या गोष्टी मिशनऱ्यांनी तिकडे पसरवल्या होत्या, म्हणजे आपल्या माथी मारलेल्या कथेवर कॅथलिकांची भीती उभी केली, हे मला फार खटकतं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत याच माणसाने चिनी लोकांची बाजू घेणारं चित्र काढलंय, आणि आयरिश माणूस मात्र तो माकडासारखा काढायचा, त्यामुळे एकाच चित्रावरून त्याला हिरो किंवा व्हिलन ठरवू नका.

अंक कुणाचा तेही बघा. १८८४ ला 'पक' या विनोदी साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार ब्लेन यांच्या अंगभर घोटाळे गोंदवून दाखवले, काढणारा बर्नार्ड गिलम, आणि तोच पुढे रिपब्लिकनांच्या बाजूच्या 'जज' साप्ताहिकात गेला. नुसतं चित्रकाराचं नाव पुरत नाही.

चित्र कळतच नसेल तर बहुतेक वेळा फाइल छोटी असते. मोठी फाइल शोधा आणि कोपरे झूम करा. 'पक'मधलं जोसेफ केप्लरचं 'द बॉसेस ऑफ द सेनेट' (२३ जानेवारी १८८९) मोबाइलवर बघितलं तर नुसती जाडजूड माणसं दिसतात, झूम केलं की कळतं त्या पैशाच्या थैल्या आहेत, प्रत्येकीवर ट्रस्टचं, म्हणजे मक्तेदारी करणाऱ्या बड्या कंपन्यांच्या गटाचं, नाव आहे, खाली सेनेटर चिमुकले बसलेत आणि वर गॅलरीत 'जनतेचं प्रवेशद्वार' लिहिलेला दरवाजा बंद आहे.