भाड्याचं घर थंड बांधायचं, तर पैसा कुठे घालायचा

आमच्या नागपुरात मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. तव्यासारखी लागते. माझ्या जुन्या दोन खोल्या याच कारणाने उन्हाळा लागला की रिकाम्या व्हायच्या. म्हणून नवे चार वन-बीएचके बांधताना आधी हिशेब मांडला.

पहिली गोष्ट, विजेची बचत स्वतःच्या खात्यात धरू नका. मीटर भाडेकरूचं, बचतही त्याचीच. आपली कमाई दोनच: थोडं जास्त भाडं आणि न पडणारे रिकामे महिने. घरं थंड बांधण्यासाठी मला चार घरांचा मिळून जादा खर्च १,६०,००० आला. भाडं दर घरामागे ५०० जास्त मिळतं, म्हणजे वर्षाला २४,०००. पावणेसात वर्षांत पैसे वसूल. तेच पैसे ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले असते तर वर्षाला ११,२०० सुटले असते, आणि व्याजावर पूर्ण कर. भाड्यावर निदान ३० टक्के वजावट मिळते. एक घर एक महिना रिकामं राहिलं की माझे ९,००० जातात, ते यात धरलेलेच नाहीत.

खर्च गच्चीपासून सुरू करा. कोब्यावर (गच्चीवरच्या गळतीरोधक थरावर) पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा. पश्चिमेची भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे), खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा. पंखे बीएलडीसीच, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या: ७५ वॅटऐवजी २८, पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २१ युनिट वाचतात.

दुहेरी काचेच्या नादी लागू नका. ठेकेदाराच्या आग्रहाखातर मी एका घरात बसवली. भाडेकरू आला, त्याने पहिल्याच रविवारी खिडकीचं तावदान काढून तिथे कूलर ठोकला! बरोबरच होतं त्याचं. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि समोरची खिडकीही उघडी लागते.

सोलर बसवायचं तर आपल्या मीटरवर बसवा. ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे, पंप आणि जिन्याचे दिवे त्यात निघतात. भाडेकरूंच्या बिलाशी त्याचा संबंध जोडू नका, भांडणं होतात.

आणि जास्तीचे ५०० मागायचे तर आधीच्या भाडेकरूचं मे महिन्याचं विजेचं बिल त्याला विचारून जपून ठेवा. घर बघायला दुपारी तीनला बोलवा, पंखा बंद ठेवून.