जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं मॉडेल ओळखायचंय? बॉनेटवर जाऊ नका

इकडे अमेरिकेत गावाबाहेर घर घेतलं की मागे दोन एकर गवत येतंच, आणि मग कुणाच्या तरी शेडमधला जुना गार्डन ट्रॅक्टर पण कधीतरी आपल्या दारात येतो. माझा आला तो कब कॅडेट ब्रँडचा, पिवळा-पांढरा. विकणाऱ्या आजोबांना मॉडेल विचारलं तर त्यांनी सरळ बॉनेटकडे बोट दाखवलं, तिथे १२६ लिहिलेलं. मला तेव्हा ट्रॅक्टरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, स्वस्तात दिसली म्हणून १२६ ची क्लच प्लेट मागवून टाकली आणि शनिवारी सगळं उघडून बसलो तर याला क्लचच नाही!

तर पहिला नियम हाच, बॉनेट बघून ठरवू नका. चार नटबोल्ट काढले की बॉनेट बदलतं, स्टिकर तर पैशाला पासरी मिळतात, आणि पन्नास वर्षांत रंग किती वेळा मारला असेल देव जाणे.

कब कॅडेट असेल तर काम सोपं आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ पासून हे बनवले, १९८१ मधे धंदा एमटीडी या दुसऱ्या कंपनीकडे गेला. साठीच्या मध्यापासून १९७४ पर्यंतच्या तीन आकडी मॉडेलांत पहिले दोन आकडे म्हणजे एचपी, आणि शेवटचा आकडा सम असेल तर गिअरवाला, विषम असेल तर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअर-क्लच नसलेला. म्हणजे १२४ बारा एचपी गिअरवाला, १४९ चौदा एचपी हायड्रो. आता ट्रॅक्टरवर बसून बघा, दोन पायांच्या मधून गिअरची दांडी वर आलीय का, तीन पुढचे एक रिव्हर्स? आली असेल तर गिअरवाला. दांडी नाही आणि डॅशबोर्डपाशी पुढे-मागे करायचा लिव्हर आहे, तर हायड्रो. माझ्याकडे लिव्हर होता, म्हणजे बारा एचपी धरला तर १२७. १२६ आणि १२७ चा पत्रा एकसारखाच, त्यामुळे कुणीतरी बॉनेट अदलाबदल केलं तरी कळायला मार्ग नाही. आणि इंजिन चारी बाजूंनी पत्र्याने झाकलेलं, रबरावर बसवलेलं असेल तर तो १९७४ नंतरच्या काही वर्षांतला, नंबर चार आकडी, १२५० किंवा १४५० असला काहीतरी, फक्त त्यातला सगळ्यात छोटा ८०० तीनच आकड्यांचा, त्याला वरचा हिशोब लावू नका.

मग सिरियल नंबर, ज्यावरून बनल्याचं वर्ष कळतं. तो मागच्या गिअर हाउसिंगच्या आसपास बघायचा आणि तिथे बोटभर जाड ग्रीस आणि गवताचा थर असतो हे धरूनच चाला. वायरब्रश लावू नका, प्लेट पातळ असते, आकडे जातात. केरोसीनमधे भिजवलेलं फडकं ठेवा दहा मिनिटं, मग जुना टूथब्रश. तरी आकडे दिसत नसतील तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच करा. आकडे खोल गेलेले असतील तर दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी बोटाने चोळा, वरची पुसून टाका, आत भरलेली राहते, आणि टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढा. माझ्याकडचा ३ आणि ८ असाच सुटला, त्याआधी मी दोन दिवस चुकीच्या वर्षात फिरत होतो.

इंजिनचा नंबर वेगळा, तो ट्रॅक्टरचा समजू नका, लोक इथेच फसतात. इंजिन कोहलर कंपनीचं असेल तर पंख्याच्या पत्र्यावर टॅग असतो. के२४१ म्हणजे दहा एचपी, के३०१ बारा, के३२१ चौदा, के३४१ सोळा, आणि शेवटचा १ म्हणजे एक सिलिंडर. माझ्यावर के३०१ निघालं, म्हणजे १२७ शी जुळलं. के३२१ निघालं असतं तर कुणीतरी इंजिन बदललं असेल अशी शंका घ्यायची, आणि हे फार कॉमन आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या इंजिनवर मॉडेल, टाइप, कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात, त्यातल्या कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याची तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस. ८२०५१२ म्हणजे १२ मे १९८२. पण तारीख इंजिनची हां, ट्रॅक्टरची नाही.

जॉन डिअर ११० असेल तर मागचे मडगार्ड बघा, गोल असले तर १९६३ ते ६७, चौकोनी असले तर १९६८ नंतरचा. आणि हिरव्याऐवजी बॉनेट नि सीट लाल, नारिंगी किंवा निळी दिसली तर लगेच खोटं म्हणू नका, १९६९ ते ७१ मधे कंपनीच असे रंग देत होती. सीअर्स या दुकानसाखळीच्या नावाचा असेल तर सीटखालच्या प्लेटवर टिंबाच्या आधीचे तीन आकडे बघा, ९१७ म्हणजे रोपरने बनवलेला (नंतरचे एवायपी म्हणजे अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्सचे), ५०२ म्हणजे मरे, २४७ म्हणजे एमटीडी. सीअर्स स्वतः बनवायचं नाही, दुसऱ्याकडून बनवून घ्यायचं, त्यामुळे पार्ट शोधताना हे कळलं तर निम्मं काम झालं.

बाकी माझी ती क्लच प्लेट खोक्यासकट शेडमधे पडून आहे, कुणाकडे खराखुरा १२६ असेल तर सांगा, पोस्टेज मी देतो.