वजनाच्या सर्जरीआधी आणि नंतर लिपिड प्रोफाइल कसं सांभाळावं

लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. लठ्ठपणात बहुधा आधी ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढतं आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरतं. पोटातल्या चरबीतून फॅटी ॲसिड यकृताकडे येत राहतात, यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडने भरलेले कण करून रक्तात सोडतं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र पुष्कळदा ठीकठाक दिसतं आणि तिथेच फसगत होते.

समजा, रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 190, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 280 आहे. बऱ्याच लॅब एलडीएल गणिताने काढतात: एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. उत्तर 100 येतं आणि माणूस निर्धास्त होतो. आता एकूणातून फक्त एचडीएल वजा करा: 156. हे नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकी सगळं कोलेस्टेरॉल, आणि ते 130 च्या आत असलेलं बरं. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर त्याहूनही कमी हवं. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे गणित चालत नाही. एलडीएल थेट मोजून घ्या.

सर्जरीआधीची तपासणी लिक्विड डाएट (सर्जरीआधी साधारण दोन आठवडे पातळ आहार) सुरू होण्यापूर्वीच करा. त्या दोन आठवड्यांत ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतं, मग पुढे तुलना कशाशी करणार? रात्रभर उपाशी राहून रक्त द्या, आधीचे दोन-तीन दिवस दारू नको. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, कारण थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल वाढतं. एलडीएल 190 च्या वर असेल तर आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी. तो वजन उतरून जात नाही.

कोणत्या सर्जरीने काय हलतं, हे आधीच माहीत असावं. स्लीव्हमध्ये (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करतात) ट्रायग्लिसराइड उतरतं, एचडीएल वाढतं, एलडीएल फारसं बदलत नाही. बायपासमध्ये (हृदयाची नव्हे, जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडण्याची सर्जरी) एलडीएलही उतरतं, कारण अन्न आतड्याचा वरचा भाग चुकवून जातं आणि कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं. आतड्याच्या शेवटच्या भागाला वळसा देणारी एक शस्त्रक्रिया एके काळी खास कोलेस्टेरॉलसाठीच होत असे. अमेरिकेतल्या पॉश चाचणीत (1990) पाच वर्षांनी त्या रुग्णांचं एलडीएल इतरांपेक्षा सुमारे 38 टक्क्यांनी कमी होतं.

सर्जरीनंतर 3, 6 आणि 12 महिन्यांनी, मग दरवर्षी तपासा. पहिल्या काही महिन्यांत एचडीएल आणखी खाली गेलेलं दिसलं तर घाबरू नका. वजन वेगाने उतरताना तसं होतं. वजन स्थिरावलं की ते वर येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वजन उतरलं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) स्वतःहून बंद करणं. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात कमी होतात, तेव्हा हीही गेली असं वाटतं. पण हृदयविकार किंवा मधुमेहामुळे सुरू झालेली स्टॅटिन रिपोर्ट चांगला आला तरी लागू शकते. निर्णय डॉक्टरांचा. बायपासनंतर एसआर किंवा एक्सआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या नीट शोषल्या जातीलच असं नाही. साध्या गोळीत बदलून मिळते का ते विचारा.

झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात कोलेस्टेरॉलचे खडे होतात, म्हणून पित्ताशय काढलेलं नसेल तर साधारण सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (खडे टाळणारं औषध) देतात. फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध) चालू असेल तर सर्जनला आवर्जून सांगा. तेही पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं.

सर्जरी करायची नसेल तरी हताश होऊ नका. वजन 5 ते 10 टक्के उतरलं तरी ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्शाने कमी होऊ शकतं. त्यावर साखर, मैदा आणि दारूचा परिणाम सर्वांत जास्त. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे रोज 30 ते 40 ग्रॅम साखर. उपासाची साबुदाणा खिचडी हाही जवळपास निव्वळ स्टार्चच, वर तूप. एलडीएलसाठी मात्र तूप, वनस्पती तूप (डालडा), खोबरं, बेकरीचे पदार्थ कमी करावे लागतात. आठवड्याला किमान 150 मिनिटं झपझप चाला. उतरलेलं वजन टिकवायला 250 मिनिटं लागतात.

स्लीव्ह झालेल्यांनी रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन आधी पुरं करावं: अंडी, मासे, पनीर, घट्ट डाळ. चिकन अडकतं म्हणून चहात बुडवलेली बिस्किटं, आइस्क्रीम, शेव असं सहज उतरणारं खाणं वाढतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ट्रायग्लिसराइड पुन्हा चढलं, तर आधी हेच तपासा. आकडा 500 च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.